झडपेपुरता माणूस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत अकरा मेकॅनिक होते. त्यांतल्या नऊ जणांना नावाने हाक मारत, सर्वांत जुन्याला मामा म्हणत. अकराव्याला सगळे काडी म्हणायचे. काडीचं वय एक्केचाळीस, उंची पाच फूट नऊ इंच, वजन चोपन्न किलो. वारा सुटला की त्याला धरून ठेवावं लागतं असं ऑफिसातले सांगत, पण ते काही खरं नव्हतं. एकदाच धरलं होतं, तेही गच्चीवर.

जुन्या इमारतींतल्या लिफ्टच्या छताला एक झडप असते. दार आतून अडकलं की बाहेरून काही चालत नाही. मग वरच्या मजल्याचं दार उघडायचं, केबिनच्या छतावर उतरायचं आणि त्या झडपेतून आत शिरायचं. झडप अठरा इंच लांब आणि पंधरा इंच रुंद. ज्याने कुणी हे माप ठरवलं त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा मांजर असावं. बाकीचे दहा मेकॅनिक त्या झडपेत डोकं घालून आतल्या माणसाला धीर द्यायचे. काडी सरळ आत उतरायचा. गेली बारा वर्षं असा फोन आला की साहेब एवढंच म्हणायचे, "काडीला पाठवा." एरवी काडीजवळ मिरवण्यासारखं फार काही नव्हतं, त्यामुळे हे वाक्य तो पुरवून पुरवून वापरायचा. घरी गेला की जेवताना सांगायचा, "आज पुन्हा मलाच पाठवलं." बायको म्हणायची, "हो का," आणि ताटात काय संपलंय ते बघायची.

त्या वर्षी बऱ्याच दिवसांनी त्याला सलग सोळा दिवसांची सुटी मिळाली आणि दोघं बायकोच्या ताईकडे गेली. ताईच्या नवऱ्याची, म्हणजे काडीच्या साडूची बेकरी होती. पुढे दुकान, मधे भट्टी, मागे घर. पहाटे पाचला भट्टीचा वास थेट पाहुण्यांच्या खोलीत यायचा आणि त्या वासामागोमाग साडू ट्रे घेऊन यायचा. ताजा पाव, त्यावर लोणी, शेजारी जाम. नऊ वाजता क्रीमचे बन. अकराला बिस्किटं, "चव बघायला म्हणून." चारला केकच्या कडा, कारण कडा विकता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

पहिल्या दिवशी काडी म्हणाला, "पुरे आता."

साडू म्हणाला, "साडूभाऊ, पाहुण्याने पुरे म्हणायचं नसतं. पाहुण्याने तोंड उघडायचं असतं. बाकीचं आम्ही बघतो."

काडीने तोंड उघडलं आणि सुटी संपेपर्यंत ते फारसं मिटलं नाही. मुळात त्याला खायला आवडतं हे त्याला माहीतच नव्हतं. तो आडवा हात मारायचा, झोपायचा, उठून पुन्हा आडवा हात मारायचा. बायको समोर बसून बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं, की काडीला वाटायचं, हिलाही सुटी मानवली. बाराव्या दिवशी पँटचं बटण लागेना. त्याने तिथे सुतळी बांधली आणि विषय संपवला.

रविवारी घरी आले. सोमवारी सकाळी दहाला फोन आला.

सात मजली जुनी इमारत. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे थांबलेली. आत एक बाई. केबिनच्या दाराच्या खाचेत काहीतरी जाऊन बसलं होतं, त्यामुळे दार धड उघडत नव्हतं, धड मिटत नव्हतं. वरच्या मशीन रूममधलं चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्यापर्यंत आणता आली असती, पण दारच उघडणार नसेल तर ती आणून काय करायची? साहेब म्हणाले, "काडीला पाठवा." सोबत मामा गेले. मामा कंपनीतले सर्वांत जुने मेकॅनिक, सगळ्यांचेच मामा. ते मशीन रूममध्ये चाकाजवळ थांबले.

काडी केबिनच्या छतावर उतरला. झडप उघडली, हत्यारांची पिशवी दोरीने खाली सोडली आणि बारा वर्षांच्या सवयीने पाय आत टाकले. पाय गेले. कंबरही गेली. मग पोट आलं.

पोट गेलं नाही. काडीने दोन्ही हात वर केले, श्वास सोडला, अंग थोडं तिरकं केलं. त्याने तो आणखी इंचभर खाली गेला आणि पक्का बसला. आता खालीही जाईना आणि वरही येईना.

खालून शांत आवाज आला. "आलात का?"

"आलो. म्हणजे, येतोय."

"अर्धे आलेले दिसताय."

"हो."

"उरलेले कधी येणार?"

काडीने यावर विचार केला. "सांगता येत नाही," तो म्हणाला.

आतल्या बाई बहात्तर वर्षांच्या होत्या. मोठ्या रुग्णालयात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. इमारतीत त्यांना अजूनही सगळे सिस्टर म्हणत. त्यांनी समोर लोंबकळणारे पाय नीट पाहून घेतले.

"श्वास घेता येतोय का?"

"येतोय, पण लहान लहान."

"लहानच घ्या. पोट पहिल्यापासून असं आहे का?"

"नाही हो. सुटीवर गेलो होतो. साडूकडे. त्यांची बेकरी आहे."

"हं," सिस्टर म्हणाल्या. त्या एका 'हं'मध्ये चौतीस वर्षांची नोकरी होती.

त्यांनी पिशवीतल्या हत्यारांवरून नजर फिरवली. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मला सोडवायला आला होता. ते काम नेमकं काय होतं, ते तरी सांगा."

"खाली दाराच्या खाचेत बघा. काही अडकलंय का?"

त्या सावकाश खाली बसल्या. गुडघ्यांचा आवाज वर काडीपर्यंत आला. "बटण आहे. कुणाच्या तरी कोटाचं."

"माझ्या पिशवीत लाल मुठीची पक्कड आहे. तिने ओढा. सरळ ओढू नका, थोडं हलवून."

"मला शिकवू नका. मी माणसांच्या अंगातून याहून वाईट वस्तू काढल्यात."

दोन मिनिटांनी बटण निघालं. काडीने वर तोंड करून मामांना हाक मारली आणि मामांनी चाक फिरवायला घेतलं. लिफ्ट बोट बोट करत चौथ्या मजल्यावर आली. दार उघडलं. बाहेर सात-आठ जण जमले होते. आधी हातात पक्कड घेतलेल्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्यामागे केबिनच्या मधोमध बुटांसकट दोन पाय लोंबत होते. एका गृहस्थांनी सवयीने विचारलं, "वर की खाली?"

काडीला सोडवायला पंचवीस मिनिटं लागली. मामांनी छतावर उतरून रुळांना घालायचं तेल त्याच्या पोटाभोवती ओतलं आणि काखेत हात घालून वर ओढलं. खालून सिस्टर हुकूम सोडत होत्या, "श्वास सोडा. आणखी सोडा. अजून आहे आत, मला दिसतंय." शेवटी तो बूच निघावं तसा निघाला. सुतळी झडपेतच राहिली.

ऑफिसात साहेबांपाशी जावं लागलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला गोदामातल्या पार्सलच्या काट्यावर उभं केलं. साठ किलो, बूट काढून. साहेबांनी तो आकडा कागदावर लिहिला, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "तूर्त फोनवर बसा."

म्हणजे अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायचे, पत्ता लिहायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. "काडीला पाठवा" हे वाक्य आता कुणी म्हणत नव्हतं. म्हणण्यासारखी जागाच उरली नव्हती.

काडीने त्याच दिवशी ठरवलं की सहा किलो आठवड्यात उतरवायचे. मंगळवारी सकाळपासून त्याने तोंडाला कुलूप लावलं. काकडी आणि पाणी, एवढंच. बुधवारी काकडी आणि पाणी. गुरुवारी दुपारी एका माणसाचा फोन आला, की तो लिफ्टमध्ये वीस मिनिटं अडकलाय आणि त्याला फार भूक लागलीये. काडी म्हणाला, "वीस मिनिटं काहीच नाहीत," आणि फोन ठेवून दिला. साहेबांनी तो परत करायला लावला. शुक्रवारी तो कपाटातली वही काढायला उठला आणि कपाट धरून खाली बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मामांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि ते ताबडतोब त्याने जिभेने चाटलं, असं मामा नंतर सगळ्यांना सांगत होते.

शनिवारी सिस्टरच्या इमारतीतल्या लिफ्टला तेलपाणी करायचं होतं. त्यात झडपेचा संबंध नव्हता, म्हणून साहेबांनी काडीला जाऊ दिलं. मशीन रूम गच्चीवर. कामाच्या वेळी लिफ्ट बंद, म्हणून जिना. चौथ्या मजल्यापर्यंत गेल्यावर तो कठडा धरून थांबला आणि समोरचं दार सिस्टरचं निघालं.

त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. छोटं टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. नाडी पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली आणि पुढ्यात सफरचंद कापून ठेवलं.

"काय खाताय सध्या?"

"काकडी."

"आणि?"

"काकडी."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

सिस्टर त्याच्याकडे रोखून बघत राहिल्या. "आधी अति खाल्लंत, आता अति उपाशी राहताय. सुटीच्या आधी काय खात होता?"

काडीला आठवावं लागलं. "काही खास नाही. सकाळी दोन अंडी, एखादं फळ. एक वाजता डबा. त्यात भाजी, कडधान्य, थोडा भात. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. आठला जेवण."

"दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात?"

"नाही. पोट भरायचं."

"मग तेच खा."

काडीला वाटलं, पुढे काहीतरी येईल. सिस्टरनी सफरचंदाची बशी आणखी पुढे सरकवली. "आम्ही पेशंटला घरी सोडताना हेच सांगायचो," त्या म्हणाल्या. "वेळेवर, साधं, पोटापुरतं. आणि दर पेशंटला वाटायचं, बाई खरं औषध लपवतायत. सुटीत काय खाल्लंत त्याने काही बिघडत नाही. सुटी घरी घेऊन आलात की बिघडतं."

काडीला ते पटलं, कारण सुटी खरोखरच घरी आली होती. चांगली तीस किलोची होती आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसली होती.

साडूने निरोप देताना त्यांना आपला जुना ओव्हन दिला होता. बायको तेव्हापासून पाचला उठत होती. सोमवारपासून रोज घरात भट्टीचा वास यायचा आणि काडीच्या डब्यात बन, पेस्ट्री, लोण्याचे रोल. "ताईने शिकवलंय," ती म्हणायची. तिचे गाल लाल झालेले असायचे आणि कपाळाला पीठ. लग्नाच्या अठरा वर्षांत तिला कशात एवढं रमलेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्यामुळे नको म्हणायला त्याची जीभ रेटेना. संध्याकाळी तो 'भूक नाही, दुपारी फार झालं' असं सांगून काकडी खायचा आणि बायकोला त्याचाही आनंद व्हायचा.

डबा तो मामांना द्यायचा. मामा नको म्हणणाऱ्यांतले नव्हते.

सिस्टरचं ऐकून आल्यावर काडीने दुपारी ऑफिसजवळच्या खाणावळीत भाजी-भात खायला सुरुवात केली. डबा मामांकडे जातच राहिला. हे तीन आठवडे चाललं. काडी सत्तावन्नवर आला. मामांना नवी पँट शिवावी लागली. आणि मामांनी एका रविवारी कृतज्ञतेपोटी काडीच्या घरी फोन केला.

"वहिनी," ते म्हणाले, "परवाचे लोण्याचे रोल म्हणजे काय सांगू! पण एक सुचवू का? क्रीम जरा आणखी चालेल."

बायको म्हणाली, "सुचवा की."

फोन ठेवून ती बाहेर आली. काडी खिडकीपाशी बसून बूट पुसत होता.

"रोल कसे होते हो परवाचे?"

"छान होते."

"क्रीम?"

"बेताचं होतं," काडी म्हणाला. "बरोबर होतं."

"मामा म्हणतात, कमी होतं."

काडीने बूट खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण हातात काहीतरी असलेलं बरं. त्याने सगळं सांगितलं. झडपेत अडकल्याचं सांगितलं, जे त्याने तोवर घरी सांगितलं नव्हतं. पार्सलचा काटा, फोनचं टेबल, काकडी, कपाट, सिस्टर. बायको उभीच होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला पुन्हा काडी व्हायचंय."

"कामच तसं आहे गं."

"अठरा वर्षं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाजी निवडताना बोलावं तशी बोलत होती. "अठरा वर्षं जो येतो तो आधी तुमच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. तुमची आत्या मला विचारायची, नवऱ्याला वाढतेस ना गं? शेजारच्या काकू एकदा तुमच्यासाठी सूप घेऊन आल्या. मी घरात असताना. लग्नाला गेलं की बायका म्हणतात, हिचं बरं चाललंय, त्याचंच काही खरं नाही. तुम्ही दोनदा वाढून घेत नाही, तर मी काय करू? ताईकडे तुम्ही खायला लागलात. ताई म्हणाली, बघ, आता कुठे माणसात आला. मला पहिल्यांदा वाटलं, आता कुणी माझ्याकडे तसं बघणार नाही."

काडी अठरा वर्षं त्याच घरात राहत होता आणि यातलं काहीच त्याच्या कानावर नव्हतं. खरं तर सूप त्याला आठवत होतं. चांगलं झालं होतं, असं त्याने काकूंना सांगितलंही होतं.

"मला कुणी बोललं नाही यातलं," तो म्हणाला.

"तुम्हाला कशाला बोलतील? तुम्ही बारीक. दोष माझा."

काडीने उरलेले बूट पुसून ठेवले. आठ वाजता ती जेवायला वाढायला लागली. काडी म्हणाला, "अर्धा किलो-किलोवर अडलेलं नाहीये. झडपेतून गेलो की झालं. बाकीचं तुझं."

"म्हणजे?"

"म्हणजे झडपेतून जाईल तेवढा जाडा."

बायकोने हे मनात मापून पाहिलं. दुसऱ्या दिवशी काडीने कंपनीतून मोठं खोकं आणलं, त्याच्या जाड पुठ्ठ्यात अठरा बाय पंधराचं भोक कापलं आणि तो पुठ्ठा बैठकीच्या खोलीच्या दारात खिळ्यांनी ठोकला. सत्तावन्न किलोचा काडी त्यात शिरला. पोट अडकलं. बायको म्हणाली, "हात एकदम वर करू नका. आधी डावा." त्याने आधी डावा हात काढला, मग खांदा तिरका केला, श्वास सोडला आणि पलीकडे जाऊन पडला. पुठ्ठा शाबूत राहिला. बारा वर्षं त्याने कधी ही युक्ती वापरली नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती.

"सत्तावन्न," बायको म्हणाली. "त्याखाली जायचं नाही. मी सांगून ठेवते."

"त्यावर जाता येणार नाही. मीही सांगून ठेवतो."

असा तह झाला. डब्यात पुन्हा भाजी, कडधान्य आणि भात आला. भात पूर्वीपेक्षा दोन घास जास्त, हे बायकोचं कलम. ओव्हन रविवारी एकदाच पेटायचा. उरलेल्या दिवशी त्यात ती भाज्या भाजायला लागली. गाजर, भोपळा, कांदे. पहिल्या दिवशी कांदे कोळसा झाले, दुसऱ्या दिवशी कच्चे राहिले, आठवड्याने जमले. काडी ते खाताना काही बोलायचा नाही, पण ताट पुसून ठेवायचा. मामांना डबा बंद झाल्याचं दुःख झालं. ते त्यांनी पंधरा दिवस बोलून दाखवलं आणि नंतर नवी पँट सैल होऊ लागली तेव्हा थांबवलं.

वाट सरळ मुळीच नव्हती. एकदा साडूचं पार्सल आलं आणि दोघांनी ते एका बैठकीत संपवलं, उभ्याउभ्याच. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा एक कोपरा फाटला. काडी घाबरून पुन्हा काकडी आणायला निघाला होता. बायकोने दारातच अडवलं आणि म्हणाली, "काल जे झालं ते झालं. एक वाजता डबा खायचा." त्याने खाल्ला. शनिवारी तो पुठ्ठ्यातून गेला.

साहेबांनी दोन महिन्यांनी त्याला फोनवरून उठवलं. तेही काही समारंभ करून नाही. एका वसतिगृहाची लिफ्ट अडकली होती, आत दोन मुली होत्या आणि बाकीच्यांपैकी एकाचा झडपेत डोकं घालून धीर देऊन झाला होता. साहेबांनी काडीकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जमेल?"

"डावा हात आधी काढला तर जमेल," काडी म्हणाला.

छतावर उतरल्यावर त्याने झडपेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पाय सोडले. कंबर गेली. पोट आलं. आतून एक मुलगी म्हणाली, "काका, अडकलात का?" काडी म्हणाला, "बोलू नका, मी श्वास सोडतोय." डावा हात, खांदा, मग उजवा. लोखंडी कडेने बरगडीवर एक ओरखडा ओढला आणि तो दोघींच्या मधे उभा राहिला. दहा मिनिटांत दार उघडलं. मुली आभार मानून निघूनही गेल्या. एकीने तर पळत जाता जाता मानले, कारण तिचा तास बुडत होता.

रात्री आठला जेवताना बायकोने विचारलं, "गेलात?"

"गेलो."

"लोक होते तिथे?"

"होते. वसतिगृहाच्या बाई होत्या, पहारेकरी होता."

बायको वाढता वाढता थांबली. "कुणी काही म्हणालं?"

खरं म्हणजे कुणीच काही म्हणालं नव्हतं. पहारेकऱ्याने तेलाचे डाग कोण पुसणार एवढंच विचारलं होतं.

"त्या बाई म्हणाल्या," काडी म्हणाला, "तब्येत चांगली आहे तुमची. घरचं खाता वाटतं."

बायकोने मान खाली घातली आणि भोपळ्याचं भांडं जवळ ओढलं. "आणखी देऊ?"

"अर्धा चमचा."

तिने दोन वाढले. काडीने त्यातला एक तिच्या ताटात सरकवला आणि दोघं जेवायला लागली.